बारदान वजा करा: ज्युनिअर फॉर्म्युलातला ड्रायव्हर कसा तोलायचा

फॉर्म्युला १ कडे जाणाऱ्या शिडीच्या पायऱ्या म्हणजे ज्युनिअर फॉर्म्युला: खालून वर फॉर्म्युला ४, रीजनल, ३ आणि २. २०१९ च्या एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संस्था) फॉर्म्युला ३ च्या शेवटच्या गुणतक्त्यात मुंबईचा जेहान दारूवाला तिसरा होता आणि जपानचा युकी त्सुनोदा नववा. पुढच्या वर्षी दोघेही फॉर्म्युला २ मध्ये गेले. संघ एकच, कार्लिन, आणि दोघेही तिथे नवखे. हंगाम संपला तेव्हा त्सुनोदा तिसरा होता आणि दारूवाला बारावा. तक्ता वाचून अंदाज बांधणाऱ्यांची पंचाईत झाली. पण २०१९ चा तक्ता जरा नीट वाचला असता तर अंदाज इतका चुकला नसता. त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक प्रेमा संघाच्या तीन गाड्यांनी घेतले होते (हे इटालियन संघाचं नाव, दुसरा अर्थ घेऊ नये). म्हणजे दारूवाला एकूण तिसरा असला तरी आपल्या संघातही तिसराच, म्हणजे शेवटचा होता. त्सुनोदा जेन्झर या छोट्या स्विस संघातून नववा आला आणि संघातल्या आपल्या जोडीदारांच्या खूप पुढे होता.

मार्केट यार्डात कापूस असो की धान्य, माल पोत्यासकट काट्यावर चढतो, पण पैसे बारदान वजा करून मिळतात. गुणतक्ता हे बारदानासकट वजन आहे. त्यात गाडी, संघ, इंजिनिअर, अनुभव, बापाचा खिसा आणि नशीब सगळं भरलेलं असतं. त्यातून पोराचं निव्वळ वजन कसं काढायचं ते इथे सांगितलं आहे. लागतं फार काही नाही: मोबाइलवर गुगल शीट किंवा रेघा मारलेली वही, आणि प्रत्येक शर्यतीमागे पाऊण तास.

आधी वहीची आखणी

प्रत्येक ड्रायव्हरसाठी एक पान करा. वरच्या ओळीत जन्मतारीख, नुसतं वर्ष नाही. त्याखाली कोणत्या वर्षी कोणती मालिका, कोणता संघ, जोडीदार कोण आणि जोडीदाराचं त्या मालिकेतलं कितवं वर्ष. मग प्रत्येक फेरीला (म्हणजे एका ट्रॅकवरच्या शर्यतींच्या आठवडाअखेरीला) एक ओळ: ट्रॅक, क्वालिफाइंगची (शर्यतीत सुरुवात कितव्या जागेवरून ते ठरवणाऱ्या सत्राची) वेळ, जोडीदाराची वेळ, टक्क्यांतला फरक, मुख्य शर्यतीत सुरुवात कितव्या जागेवरून आणि शेवट कितव्या, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. हा शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. लाल झेंडा (सत्र थांबवलं), पाऊस, गाडीचा पुढचा पंख (विंग) तुटला, दंड झाला, आजारी होता, हे सगळं तिथे जातं. सहा महिन्यांनी आकडा आठवतो, त्यामागचं कारण आठवत नाही.

युरोपातल्या बहुतेक उन्हाळी फेऱ्या आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, म्हणजे तिथे सकाळी दहाची शर्यत जळगावात दुपारी दीडला. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं बदलतात, हिवाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो. क्वालिफाइंग बहुतेक वेळा शुक्रवारी असतं आणि नेमकं तेच लोक चुकवतात. वेळ एकच सत्र बघण्याइतकी असेल तर शर्यत सोडा, क्वालिफाइंग बघा.

कोणत्या पायरीवर काय मोजलं जातं

फॉर्म्युला ४ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं. इंजिन सुमारे १८० अश्वशक्तीचं. फॉर्म्युला रीजनल २७० च्या आसपास, फॉर्म्युला ३ मध्ये ३८०, फॉर्म्युला २ मध्ये ६२०. फॉर्म्युला ३ आणि २ मध्ये सगळ्यांना एकाच कारखान्याची डॅलारा चासी (गाडीचा सांगाडा), एकच मेकाक्रोम इंजिन आणि पिरेली टायर. कागदावर सगळं सारखं. तरीही संघासंघांत फरक पडतो, कारण सस्पेन्शनची मांडणी, टायर गरम करण्याची पद्धत, इंजिनिअरचा अनुभव आणि मेकॅनिकचे हात सारखे नसतात. इटालियन फॉर्म्युला ४ बघा: २०१४ ते २०२४ या ११ हंगामांत ७ विजेते प्रेमाचे. गाडी सगळ्यांची सारखी असती आणि संघाने काहीच फरक पडत नसता, तर हे झालं नसतं. अर्थात चांगला संघ चांगली पोरंही आधी उचलतो, म्हणून हे सातही विजय संघाच्या खात्यावर टाकणं तितकंच चूक.

फॉर्म्युला ४ मध्ये पैशाचा हात सगळ्यात लांब पोचतो. फॉर्म्युला २ आणि ३ मध्ये सरावाचे दिवस नियमाने मोजून दिलेले असतात. खालच्या पायऱ्यांवर ही बंधनं सैल असतात आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो त्याच ट्रॅकवर आधीच चार-सहा दिवस फिरून आलेला असतो. म्हणून फॉर्म्युला ४ च्या हंगामातल्या पहिल्या दोन फेऱ्यांना कमी वजन द्या. तोवर सरावाची तफावत दिसते, हात नंतर दिसतो.

आणखी एक गोष्ट शेऱ्यात असू द्या. फॉर्म्युला २ च्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. सतरा वर्षांचं किरकोळ पोर तासभराच्या शर्यतीत शेवटच्या दहा लॅपमध्ये (ट्रॅकचा एक पूर्ण वळसा म्हणजे लॅप) ढेपाळलं तर त्याचा वेग कमी आहे असं लगेच लिहू नका. खांदे आणि मान एका हिवाळ्यात तयार होतात, वेग तसा तयार होत नाही.

मालिकेतल्या गाड्यांची संख्याही लिहून ठेवा. इटालियन फॉर्म्युला ४ मध्ये तीस-पस्तीस गाड्या येतात, आपल्याकडच्या इंडियन फॉर्म्युला ४ मध्ये त्याच्या निम्म्याही नसतात. तिथला पाचवा आणि इथला पाचवा एकाच रकान्यात बसत नाहीत.

क्वालिफाइंगमधला फरक

सगळ्या पद्धतीचा कणा हा आहे. एकाच संघात, एकाच सत्रात, एकाच टायरवर दोघांनी किती वेळ काढली. फरक सेकंदात न मोजता टक्क्यांत मोजायचा, कारण ट्रॅकची लांबी वेगवेगळी. स्पा ७.००४ किलोमीटरचा, मोनॅको ३.३३७ चा. समजा ड्रायव्हर अ ने १:३६.४०० काढले आणि जोडीदार ब ने १:३६.६८९. फरक ०.२८९ सेकंद. भागिले ९६.४, गुणिले १००, आलं ०.३०%. हाच ०.२८९ चा फरक १२५ सेकंदांच्या लॅपवर असता तर ०.२३% झाला असता आणि ८५ सेकंदांच्या लॅपवर ०.३४%. पुढे असेल तर उणे चिन्ह, मागे असेल तर अधिक. एकदा ठरवलं की वहीभर तेच ठेवा. अर्ध्या हंगामात चिन्ह उलटं झालेल्या वह्या थोड्या नसतात.

हंगामाचा आकडा काढताना सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. समजा आठ फेऱ्यांचे फरक असे आले: –०.३०, –०.१२, +०.०५, –०.२२, –०.१८, –१.४०, –०.०९, –०.२५. सरासरी काढली तर –०.३१ येते आणि अ फार मोठा वाटतो. पण –१.४० च्या फेरीत जोडीदाराचा लॅप लाल झेंड्याने कापला गेला होता. चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांचा मध्य घेतला तर –०.२०. ती फेरी काढूनच टाकली तर मध्यक –०.१८ होतो. म्हणजे मध्यक जागचा फारसा हलला नाही, आणि तीच फेरी काढल्यावर सरासरी मात्र –०.३१ वरून –०.१६ वर आली. कोणती फेरी गाळायची याचा वाद ज्याला टाळायचा त्याने मध्यकच वापरावा.

तरी काही सत्रं गाळलीच पाहिजेत. ट्रॅक ओलसर असून वाळत होता आणि दोघांनी वेगवेगळ्या मिनिटाला लॅप काढला, तर तो फरक हवामानाचा. दोघांपैकी एकाने नव्या टायरचा एक संच कमी वापरला, तर गाळा. मॉन्झासारख्या ट्रॅकवर पुढच्या गाडीच्या मागे राहून सरळ पट्ट्यावर हवेचा अडसर वाचवता येतो, त्याला ओढ मिळणं म्हणतात. फॉर्म्युला ३ च्या ३० गाड्या एकाच वेळी तिथे ओढ शोधत फिरतात तेव्हा क्वालिफाइंगमध्ये निम्मी लॉटरी असते. मॉन्झाचा आकडा ठेवा, पण कंसात. मोनॅकोत फॉर्म्युला २ चं क्वालिफाइंग दोन गटांत होतं आणि गट गाडीच्या सम-विषम क्रमांकावर पडतात. संघातल्या दोन गाड्यांचे क्रमांक लागून असल्याने जोडीदार वेगळ्या गटात जातात. ट्रॅकवर रबर बसत जातं तसा दुसरा गट वेगवान होतो. म्हणून मोनॅकोत दोघांच्या वेळा थेट वजा करणं चुकीचं. प्रत्येकाचा आपापल्या गटातल्या पहिल्याशी फरक काढा आणि मग ते दोन फरक ताडून बघा.

क्वालिफाइंगमधून बाद झालेल्या वेळांचं काय करायचं? २०२४ च्या फॉर्म्युला २ च्या पहिल्याच फेरीत, बहरीनमध्ये, इन्व्हिक्टा संघाच्या कुश मैनीने पोल (क्वालिफाइंगमधली पहिली जागा) काढला होता. नंतर गाडीची जमिनीपासूनची उंची नियमात बसली नाही म्हणून तो बाद झाला आणि पोल त्याचाच जोडीदार गॅब्रिएल बोर्तोलेतो याला मिळाला. अशा वेळी अधिकृत क्रम घेऊ नका, कारण मैनी शेवटचा नव्हता. पण घड्याळातली वेळही तशीच उचलू नका, कारण खाली बसलेली गाडी वळणात थोडं फुकट देते. फेरी नोंदवा, मध्यकात धरू नका.

शर्यतीतून काय काढायचं

मुख्य शर्यतीचा प्रत्येक लॅप हाती आला तरी निम्मे लॅप फेकावे लागतात. पहिला लॅप, पिटमध्ये (टायर बदलण्याच्या जागेत) जाण्याचा आणि बाहेर येण्याचा लॅप, सेफ्टी कारचे (अपघातानंतर सगळ्यांना हळू नेणाऱ्या गाडीमागचे) लॅप आणि त्यानंतरचा एक, पिवळ्या झेंड्याचे (धोक्याच्या इशाऱ्याचे) लॅप, हे आधी काढा. उरलेल्यात जोडीदाराशी तुलना फक्त एकाच प्रकारच्या टायरवरच्या लॅपची. फॉर्म्युला २ च्या मुख्य शर्यतीत पिट थांबा सक्तीचा आहे, म्हणून एक जण मऊ टायरने सुरू करतो आणि दुसरा कडक टायरने. आठव्या लॅपला दोघांच्या वेळा समोरासमोर ठेवून काही कळत नाही.

टायर जपण्याचं कौशल्य असं मोजा. एका टायरवरच्या पहिल्या पाच स्वच्छ लॅपचा मध्यक आणि शेवटच्या पाच स्वच्छ लॅपचा मध्यक. समजा अ चे १:४४.२ आणि १:४५.१, म्हणजे घसरण ०.९ सेकंद. ब चे १:४४.० आणि १:४५.६, घसरण १.६. सुरुवातीला ब वेगवान दिसतो, टीव्हीवर समालोचक त्याचंच नाव घेतो, आणि शेवटच्या सहा लॅपमध्ये तो चार जागा गमावतो. पिरेलीचा टायर पृष्ठभागावर जास्त तापला की पकड परत येत नाही. नवखा ड्रायव्हर हे हमखास करतो: पहिल्या दोन लॅपमध्ये मागची चाकं घसरवून जागा मिळवतो आणि त्याची किंमत पंधराव्या लॅपला मोजतो. पेट्रोल संपत जाऊन गाडी हलकी होते, म्हणजे टायरची खरी घसरण दिसते त्याहून थोडी जास्तच असते. पण ती दोघांना सारखी लागू असल्याने तुलनेत ती गाळता येते.

दुसऱ्या गाडीच्या मागे अडकून काढलेले लॅप वेगळ्या रंगात लिहा. समोरच्याशी अंतर दीड सेकंदापेक्षा कमी असेल तर त्या लॅपमध्ये ड्रायव्हरचा वेग दिसत नाही, समोरच्याचा दिसतो.

गुण कसे वाचायचे

शनिवारची छोटी शर्यत उलट्या ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेवर) होते. फॉर्म्युला २ मध्ये क्वालिफाइंगचे पहिले १० उलटे लावतात, फॉर्म्युला ३ मध्ये पहिले १२. म्हणजे क्वालिफाइंगमध्ये दहावा आलेला पोर फॉर्म्युला २ मध्ये शनिवारी सगळ्यात पुढून निघतो. तिथे जिंकल्याचे गुण १०, मुख्य शर्यतीचे २५. गुणांत फरक आहेच, पण बातमीत दोन्ही विजय ‘विजय’च असतात. दारूवालाचा २०२० मधला साखीरचा विजय उलट्या ग्रिडच्या शर्यतीतला, २०२२ मधला मॉन्झाचा मुख्य शर्यतीतला. फॉर्म्युला २ मध्ये जिंकणारा पहिला भारतीय म्हणून साखीरचं कौतुक योग्यच. पण त्याची गुणवत्ता दाखवायची असेल तर मॉन्झा दाखवा.

वहीत दोन बेरजा ठेवा. एक अधिकृत, दुसरी फक्त मुख्य शर्यतींची. दोन्हींत क्रम बराच वेगळा दिसला तर तो ड्रायव्हर उलट्या ग्रिडवर जगतो आहे. उलट बाजूने, विजयच मोजायचे असं ठरवणाऱ्यांनी लिओनार्दो फोर्नारोलीकडे बघावं. २०२४ चं फॉर्म्युला ३ विजेतेपद त्याने हंगामात एकही शर्यत न जिंकता घेतलं. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. २०२५ मध्ये फॉर्म्युला २ च्या पहिल्याच हंगामात तो विजेता झाला.

बंद पडलेल्या शर्यती दोन रकान्यांत लिहा: यंत्राने दगा दिला किंवा दुसऱ्याने ठोकलं ते डावीकडे, स्वतः भिंतीत गेला किंवा स्वतः ठोकलं ते उजवीकडे. पंचांचा निर्णय वाचूनच ठरवा, चाहत्यांच्या रागावरून नको. परवान्यावरचे दंडाचे गुण १२ महिन्यांत १२ झाले की एका फेरीची बंदी येते, म्हणून उजवा रकाना भरत चालला तर ती पुढच्या हंगामाची सूचना समजा.

क्रमांक किती फसवतो ते २०२४ च्या फॉर्म्युला २ मध्ये प्रेमा संघाने दाखवलं. किमी अँतोनेल्ली सहावा, ऑलिव्हर बेअरमन बारावा. नवी गाडी त्या वर्षी आली होती आणि संघाला ती लवकर उमजली नाही. शिवाय बेअरमनने जेद्दामध्ये पोल काढला, पण शर्यतीला फेरारीने त्याला आपला ड्रायव्हर साइन्झ याच्या जागी थेट फॉर्म्युला १ मध्ये बसवलं आणि तो सातवा आला. पुढे बाकूची फेरीही हास संघासाठी फॉर्म्युला १ मध्ये धावल्याने बुडाली. बारावा क्रमांक लिहिताना शेऱ्याचा रकाना भरला नाही तर त्या पानाला काही अर्थ नाही. २०२५ मध्ये दोघेही फॉर्म्युला १ च्या ग्रिडवर होते.

वय आणि पिलबाग

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शिंगराचा भाव करणारा आधी जबडा उघडून दात बघतो, चाल नंतर. इथेही आधी वय. पण वयाबरोबर आणखी एक गोष्ट बघायची: त्या गाडीतलं कितवं वर्ष. केळीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. पहिल्या लागणीची बाग आणि तिचीच पिलबाग (जुन्या खोडाशी फुटलेल्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) शेजारी-शेजारी ठेवून कोणती आधी निसवली (घड बाहेर आले) याची पैज कोणी लावत नाही, पिलबागेची मुळं आधीच जमिनीत असतात. फॉर्म्युला २ मधला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा ड्रायव्हर म्हणजे पिलबाग.

फॉर्म्युला २ चे विजेते या नजरेने बघा. पहिल्याच हंगामात जिंकले: लेक्लेर २०१७, रसेल २०१८, पियास्त्री २०२१, बोर्तोलेतो २०२४, फोर्नारोली २०२५. दुसऱ्या हंगामात मिक शूमाकर, २०२०. तिसऱ्या पूर्ण हंगामात डी व्रीस २०१९, ड्रुगोविच २०२२, पूर्शेर २०२३. तिसऱ्या वर्षी जिंकणारा वाईट असतो असं नाही, पण त्याचा आकडा नवख्याच्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येत नाही. २०२२ मध्ये प्रेमा संघात दारूवाला सातवा आणि डेनिस हाउगर दहावा होता. तक्ता दारूवालाच्या बाजूने. पण दारूवालाचं ते तिसरं वर्ष होतं आणि हाउगरचं पहिलं.

यासाठी हंगामाचे दोन तुकडे करा, पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा, आणि प्रत्येकाचा क्वालिफाइंग मध्यक वेगळा काढा. नवख्याचा फरक +०.३५ वरून +०.१० वर आला, तर तो शिकतो आहे आणि पुढच्या वर्षी पुढे जाईल. अनुभवी जोडीदाराशी पहिल्या वर्षी बरोबरीत असलेला नवखा, बरोबरीत नसतो, पुढे असतो.

दोन गोष्टी एकदम बदलल्या तर प्रामाणिकपणे तसं लिहा. इसाक हजार हा ड्रायव्हर २०२३ मध्ये हायटेक संघात चौदावा आणि २०२४ मध्ये कॅम्पोस संघात दुसरा. संघ बदलला, अनुभवाचं वर्ष वाढलं, आणि गाडीही नवी आली. यातलं किती कोणाचं हे फक्त या दोन ओळींवरून सांगता येत नाही, मागच्या पायऱ्यांची पानं उलटावी लागतात.

सगळ्यात बोलकं जुनं उदाहरण २०१४ च्या युरोपियन फॉर्म्युला ३ चं. विजेता एस्तेबान ओकॉन, प्रेमा संघात. मॅक्स व्हर्स्टापेन तिसरा, व्हॅन अमर्सफोर्ट संघात, विजय १०. ओकॉनची गाड्यांतली ती पहिली पायरी नव्हती, व्हर्स्टापेन मात्र वर्षभरापूर्वी कार्टमध्ये (पोरं सुरुवातीला चालवतात त्या छोट्या रेस गाडीत) होता. संघ आणि अनुभव हे दोन्ही बारदान वजा केलं की कोणाचं निव्वळ वजन जास्त ते त्याच वर्षी दिसत होतं.

भारतीय चाहत्यांना कडू लागणारी ओळही वहीत असू द्या. २०२४ मध्ये इन्व्हिक्टाने संघाचं विजेतेपद घेतलं. बोर्तोलेतो पहिल्या वर्षी विजेता, मैनी दुसऱ्या वर्षी तेरावा. मैनीचा एका लॅपचा वेग त्या हंगामात अनेकदा दिसला. गळती मुख्य शर्यतींत होती, आणि ती वर सांगितलेल्या पाच-पाच लॅपच्या मध्यकातच शोधायची असते. आपला माणूस म्हणून शेरा सौम्य करायचा नाही, आणि आपल्या माणसावर जास्त कडक झालो म्हणजे निष्पक्ष झालो असंही मानायचं नाही.

एका मालिकेतून दुसरीत पूल

वेगळ्या मालिकांतल्या दोघांची थेट तुलना होत नाही. मधे सामाईक माणूस लागतो. अ आणि ब फॉर्म्युला रीजनलमध्ये एका संघात होते, अ ०.१५% पुढे. पुढच्या वर्षी ब आणि क फॉर्म्युला ३ मध्ये एका संघात, ब ०.१०% पुढे. म्हणून अ हा क पेक्षा अंदाजे ०.२५% पुढे. पण प्रत्येक दुव्यात ०.१० चा घोळ धरला, तर दोन दुव्यांचा मिळून सुमारे ०.१४ होतो (दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ). चार दुव्यांवर तो ०.२० होतो, आणि मग उरलेला आकडा घोळातच बुडतो. तीन दुव्यांच्या पुढे जाऊ नका. एकच लांब साखळी ओढण्याऐवजी दोन-तीन वेगळ्या छोट्या साखळ्या लावा. त्यांची उत्तरं जवळ आली तर विश्वास ठेवा.

साखळी दोन ठिकाणी तुटते. मधला माणूस वर्षभरात सुधारला असेल तर दुवा खोटा पडतो, म्हणून पूल म्हणून तिशीत न पोचलेला पण तीन-चार हंगाम मुरलेला, स्थिर ड्रायव्हर चांगला. आणि वजनदार गाडीची सवय नसलेला पोर पायरी चढल्यावर काही फेऱ्या मागे पडतो, म्हणून नव्या पायरीवरच्या पहिल्या तीन फेऱ्या पुलात धरू नका. अँतोनेल्लीने फॉर्म्युला ३ ओलांडून रीजनलमधून थेट फॉर्म्युला २ गाठली. अशा उडीला पूल फारच लांब पडतो.

सुपर लायसन्सचे (फॉर्म्युला १ मध्ये बसण्याच्या परवान्याचे) गुण हा एफआयएचा स्वतःचा विनिमय दर आहे: फॉर्म्युला २ च्या पहिल्या तिघांना ४०, फॉर्म्युला ३ विजेत्याला ३०, युरोपियन फॉर्म्युला रीजनल विजेत्याला २५, फॉर्म्युला ४ विजेत्याला १२. फॉर्म्युला १ ला तीन वर्षांत ४० लागतात. कोणत्या मालिकेचं वजन किती याचा ढोबळ अंदाज म्हणून हा दर ठीक आहे. पण तो संघ बघत नाही, अनुभव बघत नाही. पियास्त्रीचे पहिल्या वर्षीचे ४० आणि ड्रुगोविचचे तिसऱ्या वर्षीचे ४० त्याच्या लेखी सारखेच.

आपल्याकडच्या कार्टवर हेच

जळगाव, धुळे, नंदुरबारात फॉर्म्युला गाडी धावेल असा ट्रॅक नाही. पोरं नाशिक, पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरकडे जाऊन भाड्याच्या कार्टमध्ये बसतात आणि घरी येऊन ‘माझा लॅप सगळ्यात कमी’ असं सांगतात. भाड्याच्या कार्टचा लॅप म्हणजे निव्वळ बारदान. इंजिनं घासलेली, टायर वेगवेगळे, आणि ४२ किलोचा पोर ६५ किलोच्या पोरापेक्षा नुसता बसल्याबसल्या वेगवान.

दोन पोरांची खरी तुलना करायची तर चार सत्रं लागतात, प्रत्येकी आठ-दहा मिनिटांची. दोन कार्ट निवडा, १ आणि २. पहिल्या सत्रात अ कार्ट १ मध्ये, ब कार्ट २ मध्ये. दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात अदलाबदल. चौथ्यात पुन्हा पहिल्यासारखं. हा अ-ब-ब-अ क्रम महत्त्वाचा, कारण ट्रॅक तासाभरात तापतो आणि रबर बसतं. नुसतं अ-ब केलं तर तो फायदा एकाच्याच पदरात पडतो. हलक्या पोराला वजन जुळेपर्यंत शिसं किंवा ट्रॅकवाल्यांकडच्या पट्ट्या सीटला पक्क्या बांधून घ्या, पिशवीत ठेवून नको, वळणावर सुटतात. ट्रॅकवाले बांधू देत नसतील तर साधारण सारख्या वजनाचीच पोरं जोडा. प्रत्येक सत्राचे पहिले दोन लॅप सोडा, सगळ्यात चांगले तीन घ्या, त्यांचा मध्यक. मग दोघांचे कार्ट १ वरचे आकडे आपसांत, कार्ट २ वरचे आपसांत. दोन्हीकडे एकच पुढे असेल तर बोलायला जागा आहे. एकात हा, एकात तो असेल तर कार्टच वेगळी होती, आणि पुन्हा चार सत्रं.

मे महिन्यात हा उद्योग करू नका. पारा ४४ वर असताना दुसऱ्या सत्रानंतर इंजिनही ढिलं पडतं आणि पोरही, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोघांपैकी कोण आधी थकलं ते लिहायलाही कोणी उन्हात थांबत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ट्रॅक उघडल्यानंतर तासाभराने, दव सुकल्यावर सुरुवात करा.